पल्याडवाडीची मतं

कावळा काही शिवेना.

ऊन चांगलंच डोक्यावर आलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, नदीच्या कोरड्या पात्रात गाड्याच गाड्या, माईक लावलेला, आणि मधोमध पत्रावळीवर दादांचा पिंड. समोरच्या करंजावर कावळ्यांची अख्खी पंगत बसली होती, पण एक मेला खाली उतरेल तर शपथ.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, संपतराव खराडे, आमच्या तालुक्याचे आमदार. ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग घरच्यांनी एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, तुमचं राहिलेलं मी करीन, निर्धास्त जा. पण आमदाराचा दहावा! तिथं घरच्यांना विचारतो कोण?

पक्षाचे जिल्हाध्यक्ष उठले. माईक ठोकून बघितला. "दादा, तुमची उपसा योजना पुरी केल्याशिवाय पक्ष स्वस्थ बसणार नाही!"

कावळे ढिम्म.

साखर कारखान्याचे चेअरमन म्हणाले, "गेटवर तुमचा पूर्णाकृती पुतळा उभा करू!" एक कावळा उडाला. सगळ्यांनी माना वर केल्या. तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

"दादांना काय ह्यांचं खरं वाटंना," मागून कुणीतरी पुटपुटलं. एवढ्या दुःखातही मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला.

माझ्या शेजारी अक्का बसल्या होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, इंदुमती. दादा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपापसात बोलायला लागल्या होत्या, दगड आहे म्हणून. मी त्यांच्याकडं बघितलं तर नजर पिंडावर, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता.

तेवढ्यात आमचे हे उठले. बजरंगराव. गावाला आबा. पायातल्या चपला काढल्या, एकीमागून एक नदीत भिरकावल्या आणि माईक हातात घेतला. "दादा! तुमच्या खुर्चीवर वहिनींना बसवल्याशिवाय हा बजरंग पायात चप्पल घालणार नाही!"

आणि कावळा उतरला. इकडं ना तिकडं, सरळ पिंडावर. चोच भातात.

मग काय विचारता! "दादा अमर रहे" म्हणून असा गलका उठला, की बिचारा कावळा घास टाकून पळाला. जिल्हाध्यक्षांनी तिथल्या तिथं अक्कांना हात जोडले. पक्षाची तिकिटं मुंबईत ठरतात म्हणे. आमचं करंजाच्या झाडावर ठरलं.

पण अक्कांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. अशी, की संध्याकाळपर्यंत वळ राहिले.

"शालन," त्या म्हणाल्या, "ऐकलं गं त्यांनी माझं."

"कोणी? काय ऐकलं, अक्का?"

अक्का इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ढसाढसा रडल्या.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात दोनदा पोटनिवडणूक झाली. पहिली कशामुळं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी का झाली, निवडून आलेल्या बाईनं मुंबईला जाऊन शपथच का घेतली नाही, यावर लोकांचं वाट्टेल ते बोलून झालंय. कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कोणी म्हणालं दिराशी वाटणीवरून बिनसलं. आम्ही दोघी जावा आज परगावी दोन खोल्यांत राहतो, त्यावरही बोलून झालंय. बोलू देत. मला आता त्याचं काही वाटत नाही.

तर, पोटनिवडणूक. साधी निवडणूक परवडली, कारण तिच्यात सगळ्या राज्याचं लक्ष सगळीकडं विखुरलेलं असतं. पोटनिवडणुकीत मुंबईचे सगळे मंत्री एका तालुक्यात उतरतात आणि त्यांचा चहा उमेदवाराच्या घरी होतो. विधवा बाईला परक्या गड्यांबरोबर गावोगाव कसं पाठवायचं, म्हणून जीपमध्ये मागच्या सीटवर मी. पोरं माहेरी धाडली आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत अक्कांच्या शेजारी. पुढं आमचा ड्रायव्हर म्हादू.

प्रचाराला दुसरं काही लागलंच नाही. कावळ्याची गोष्ट आमच्या आधी गावात पोचलेली असायची. भिंतीभिंतीवर लिहिलेलं, "दादांची इच्छा, वहिनी आमदार." बायका यायच्या, अक्कांच्या पायांवर डोकं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाग्यवान गं बाई, मेल्यावरसुद्धा नवऱ्यानं काळजी केली." सभेत अक्का उभ्या राहिल्या की कुठून तरी कावळे यायचेच. लोक हात जोडायचे. मलाही पहिल्यांदा काटा आला अंगावर. मग एकदा स्टेजमागं गेले, तर आमचेच दोन कार्यकर्ते शेव-पापडी उधळत होते. काय म्हणावं आता!

अक्कांना मात्र कोणी शेव उधळो न उधळो, काही फरक पडत नव्हता. कावळा दिसला की त्या आक्रसायच्या. बोलता बोलता शब्द विसरायच्या. दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. एका गावी सरपंचाच्या घरी जेवायला बसलो होतो. पत्र्यावर कावळा ओरडला, तशी सरपंचाची बायको हौसेनं म्हणाली, "आलं बघा दादा जेवायला!" अक्कांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि उठल्या.

गाडीत बसल्यावर मी रागावलेच. "अक्का, असं उपाशी राहून कसं चालेल? ती बिचारी भाबडी बाई. मनाला काय लावून घ्यायचं एवढं?"

"खरंच बोलली ती. येतात ते. आठवण करून द्यायला येतात."

"कसली आठवण?"

"मी कबूल केलेलं अजून केलं नाही, त्याची."

"तुम्ही कुठं कबूल केलंय? कबूल केलं ह्यांनी. आणि ते तर चाललंच आहे की धूमधडाक्यात."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "आबांच्या आधी मी बोलले होते, शालन. मनात. माझं बोलणं संपलं आणि कावळा फांदीवरून उठला. आबा तेव्हा चपलाच काढत होते. आवाज लोकांनी त्यांचा ऐकला. कावळ्यानं माझा ऐकला."

"काय बोललात?"

त्यांनी पुढं म्हादूच्या मानेकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला पल्याडवाडीला ने. तिथं सांगते. निकालाच्या आधी गेलं पाहिजे. निवडून आल्यावर गेले तर ते आमदारीणबाईचं जाणं होईल."

पल्याडवाडी! हे नाव आमच्या घरात कोणी घेत नसे.

धरण झालं तेव्हा ही वाडी पाण्याच्या पलीकडं पडली. मागं डोंगर, पुढं पाणी. दर निवडणुकीला दादा तिला पूल कबूल करायचे आणि दर निवडणुकीला वाडीची माणसं होडीनं अलीकडच्या शाळेत मतदानाला यायची. मागच्या निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी सकाळी, आमच्याच प्रचाराची होडी भर पाण्यात उलटली. खेपा वाचवायला जास्त माणसं भरली होती. गडी पोहून वाडीच्या काठाला लागले. बायका बुडाल्या. दोघी तर सापडल्याच नाहीत. त्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी होते. मला जे कळलं ते सगळ्यांना कळलं तेवढंच, की वाडीला ना रस्ता ना फोन, म्हणून बातमी अलीकडं यायलाच संध्याकाळ झाली. मतदान तोवर संपलं होतं. दादा थोडक्यात निवडून आले. गुलाल उधळायचा नाही असं त्यांनी सांगितलं, त्याचं लोकांनी कौतुक केलं. त्यानंतर दादांची झोप गेली. ओसरीवर खुर्ची टाकून बसून राहायचे. वाडीला मात्र ते कधी गेले नाहीत.

अक्का रोज सकाळी ह्यांना विचारायच्या, "आबा, पल्याडवाडी कधी?"

"होईल, वहिनी. बघू की."

एक दिवस हे वैतागले. "वहिनी, तिथं मतं किती? मूठभर. तीसुद्धा ते देणार नाहीत. विरोधक हेच हुडकत बसलेत, आणि तुम्ही आपण होऊन खपली काढायला निघालाय!"

"मतासाठी नाही जायचं."

"मग कशासाठी? निवडणुकीत मतासाठी नाही तर कशासाठी हिंडतात?"

ह्यांनी मला आत बोलावलं. तळपायाला भेगा पडून रक्त येत होतं, त्याला तेल लावत म्हणाले, "समजाव वहिनींना. खुळ्यासारखं करतायत. एकदा आमदार होऊ देत, मग पल्याडवाडी काय, काशीला घेऊन जा."

मी काय समजावणार? मला दिसत होतं, अशानं ही बाई निकालापर्यंतसुद्धा टिकायची नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तालुक्याच्या गावी सांगता सभा होती. मोठे मंत्री येणार होते. आम्ही सकाळी निघालो. फाट्यावर गाडी आली तशा अक्का म्हणाल्या, "म्हादू, धरणाकडं घे."

म्हादूनं आरशात माझ्याकडं बघितलं. आबांचा माणूस तो. त्याला माझी परवानगी हवी होती.

"ऐकू आलं नाही का तुला?" मी खेकसले. "उद्या आमदार व्हायच्या आहेत त्या. घे म्हणल्यावर घे."

काठावर एक म्हातारा होडीत बसून जाळं सोडवत होता. अक्कांना त्यानं ओळखलं असणार, त्यांचे फोटो झाडाझाडावर होते. पण जाळं तेवढं बाजूला सारलं. आम्हाला हात देऊन होडीत घेतलं आणि वल्हं मारायला लागला. पाणी असं शांत, की त्याचीच भीती वाटावी. मध्यावर आलो आणि म्हाताऱ्यानं वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं धरलं. होडी आपली आपण सरकत राहिली.

"का हो, बाबा? दमलात?" मी विचारलं.

"हितं वल्हं मारत न्हाई आमी," तो म्हणाला. "खाली दोघी हाईत अजून. लागंल त्यास्नी."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. मी होडीची कड घट्ट धरली. होडी हळूहळू पुढं गेली, मग त्यानं वल्हं परत पाण्यात घातलं.

वाडीत पहिल्याच घरापुढं एक बाई सुपात हुलगे पाखडत होती. गजराबाई. तिची लेक सुगंधा त्या होडीत होती. अक्कांना बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मतं मागाय आलासा?"

"नाही," अक्का म्हणाल्या.

"मग कशापायी?"

अक्का अंगणात खाली मातीतच बसल्या. मीही बसले. हळूहळू माणसं गोळा झाली. कोणी या म्हणालं नाही, कोणी पाणी विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा पाणी विचारतात.

"तुमच्या मालकाच्या पिंडाला शिवला म्हनं कावळा," गजराबाई म्हणाली. "आमच्या बायकांच्या पिंडाला शिवला न्हाई. दीस बुडंस्तवर बसलो. आमदाराला हितं आणून इचारू, असा सबूद दिला, तरी न्हाई. शेवटी भटानं दर्भाचा कावळा करून लावला. तुमचा मालक काय आला न्हाई हिकडं. आमचा सबूद तसाच ऱ्हायला."

"ते आले नाहीत म्हणून मी आले," अक्का म्हणाल्या. "विचारा."

गजराबाईनं सूप खाली ठेवलं. "त्येला ठावं हुतं का? व्हडी बुडाल्याचं?"

अक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "सकाळीच कळलं होतं. आमचा होडीवाला पोहत आमच्या काठाला आला आणि भिजलेल्या अंगानं आमच्या घरी आला. मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा तो पाणी गळत उभा होता. तिथं हे होते आणि माझे धाकटे दीर होते. दीर म्हणाले, संध्याकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. ह्यांनी मान हलवली. मी ऐकलं. ट्रे ठेवला आणि बाहेर आले. मीही बोलले नाही कुणाला. त्यांच्या पिंडापुढं मी कबूल केलं होतं, की मी पल्याडवाडीला जाईन आणि हे सांगेन."

धाकटे दीर म्हणजे माझा नवरा. हे मला कळायला थोडा वेळ लागला. माणसाचं कसं असतं बघा, डोळ्यांपुढं काय आलं तर त्यांच्या भेगाळलेल्या टाचा. सकाळीच मी त्यांना तेल लावून दिलं होतं.

गर्दीतला एक पोरगा पुढं आला, त्याला दोघांनी मागं ओढला. एक म्हातारा कुणाकडंच न बघता बोलायला लागला, "दिसभर वरडलो आमी. फटकुरं हलिवली. तुमची जीप दिसत हुती त्या काठाला. माणसं हिंडत हुती. दुसरी व्हडी बांधलेली दिसत हुती. आमाला वाटलं, वारा उलटा हाय, ऐकू जात न्हाई."

"माझी सुगंधा फळीला धरून हुती," गजराबाई म्हणाली. "लई येळ. पोरं पवत गेली, पर वाऱ्यानं फळी लांब लांब जायाची. ह्या डोळ्यांनी बघितलं मी. एक व्हडी आली असती तर..." मग एकदम शांतपणे म्हणाली, "का पर? सांजपातुर का?"

"मतदान थांबंल म्हणून, दुसरं काय," मागून कोणी म्हणालं.

"व्हडी सोडल्यानं मतदान कशापायी थांबंल?" गजराबाई त्याच्याकडं वळली. "शाळा तितं, पाणी हितं. एक व्हडी, दोन गडी. गुमान येऊन काढून न्यायचं. का न्हाई सोडली?" आणि परत अक्कांकडं बघितलं. "सांगा की."

"ते मला ठाऊक नाही," अक्का म्हणाल्या. "देवाशपथ ठाऊक नाही."

"मग इचारून या. निम्मं सांगू नगा."

"विचारून येते," अक्का म्हणाल्या. आणि आम्ही उठलो.

परत येताना होडीत त्या म्हणाल्या, "आबा मला सांगायचे नाहीत. तू विचार, शालन."

मी मान हलवली.

सांगता सभेला पोचलो तेव्हा मंत्र्यांचं भाषण संपत आलं होतं. हे स्टेजच्या पायऱ्यांशी उभे, चेहरा असा की आता खाऊ का गिळू. अक्का त्यांच्या शेजारून वर चढल्या, माईकपुढं उभ्या राहिल्या आणि एकच वाक्य बोलल्या. "मी पल्याडवाडीला जाऊन आले." आणि खाली बसल्या.

मला वाटलं, आता दगड येतात. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, वहिनींनी धरणग्रस्तांचे अश्रू पुसले. हे घरी येऊन अक्कांपुढं वाकले. "वहिनी, आम्ही राजकारणात केस पांढरे केले, पण असा डाव नाही सुचला!"

अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या, ओळख नसल्यासारख्या.

त्यानंतर मतदान आणि मोजणी होईपर्यंत हे घरी टेकलेच नाहीत. निकाल लागला. दादांना कधी मिळाली नव्हती एवढी मतं अक्कांना मिळाली. मिरवणुकीत त्यांना उघड्या जीपवर उभं केलं होतं. लोक गुलाल टाकत होते आणि त्या तो अंगावर पडू देत होत्या, एवढंच.

दुपारी हे घरी आले. डोक्यापासून पायापर्यंत लाल. हातात कोणी भेट दिलेल्या नव्या कोऱ्या चपला. पाय सुजले होते, म्हणून मी घमेल्यात ऊन पाणी आणून ठेवलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि "अहाहा" केलं. इतके खूश मी त्यांना लग्नातसुद्धा बघितले नव्हते.

"अहो, एक विचारू?"

"विचार की! आज मागशील ते देतो."

"पल्याडवाडीची होडी बुडाल्याचं तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

पाण्यातले पाय थांबले. "वहिनी बोलल्या वाटतं."

"हं."

"झालं ते झालं. आता कशाला ते?"

"मला फक्त एवढंच सांगा, संध्याकाळपर्यंत गप्प का बसलात? ती दुसरी होडी सोडली असती तर मतदान थोडंच थांबणार होतं?"

ते हसले. वाईट हसणं नव्हतं ते, तेच तर सांगते. पोराला गणित समजावून सांगताना बाप हसतो ना, तसं हसले. "तुला राजकारण कळायचं नाही. मतदान नसतं थांबलं. पण होडी सोडली असती तर बायका, प्रेतं, रडारड, सगळं ह्या काठाला आलं असतं. शाळेत बातमी गेली असती कोण कोण बुडालं ते. मग त्यांची मतं कशी टाकता आली असती?"

"कुणाची मतं?"

"बुडालेल्यांची, अजून कुणाची? आपल्या बायका होत्याच तयार. पल्याडवाडीच्या बायकांना शाळेत कोण तोंडानं ओळखतंय? एकेकीला पाठवली. चारपर्यंत सगळी टाकून झाली. दादा किती थोडक्यात आले होते, आठव जरा. तेवढ्या मतांवर तर सगळं होतं."

"त्या जिवंत होत्या हो तेव्हा. सगळ्या नाही, पण होत्या."

"मला इथनं काय दिसत होतं, कोण जिवंत आहे ते?"

"आणि दादा? त्यांना माहीत होतं हे?"

त्यांचा चेहरा जरा उतरला. "निकालानंतर सांगितलं. मला वाटलं खूश होतील. तर तेव्हापासनं ते खुर्चीतच बसायला लागले. मन हळवं होतं त्यांचं." मग घमेल्यात बघून म्हणाले, "पाणी गार झालं गं. जरा ऊन आण."

मी ऊन पाणी आणलं. घातलं. आणि तशीच मागच्या दारानं अक्कांकडं गेले.

त्या कॉटवर बसल्या होत्या, गुलालासकट. मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा ह्यांच्या अंगावर धावून जातील. मी तर धावले असते. पण त्या म्हणाल्या, "आज लोक येत राहतील. उद्या सकाळी जाऊ." आणि अंघोळीला उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याच्या होडीतून आम्ही पलीकडं गेलो. मध्यावर त्यानं वल्हं काढून घेतलं, आणि या वेळी आम्ही दोघींनी हात जोडले. गजराबाई अंगणातच होती. आम्हाला बघून तिनं दारात घोंगडं टाकलं. अक्का घोंगड्यावर बसल्या नाहीत, मातीत बसल्या. आणि मी त्यांना सांगितलं होतं तेच त्यांनी तिला सांगितलं, एकही शब्द न गाळता.

गजराबाई ऐकत होती. तिला लगेच कळलंच नाही. परत विचारलं, परत सांगितलं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "माझी पोरगी हितं फळीला धरून हुती, आन तितं तिचं मत पडत हुतं."

"हो."

"कुणाला पडलं?"

अक्कांची मान वर होईना. "आम्हाला," त्या म्हणाल्या.

गजराबाईनं पाण्याकडं बघितलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, छाती बडवली नाही. मी म्हणते, तिनं ते सगळं करायला हवं होतं, आम्हाला सोसलं असतं.

"तुमाला देणार न्हवती ती," ती म्हणाली. "पूल देतो देतो म्हणत्यात आन देत न्हाईत, म्हणायची. तुमच्या व्हडीत बसून जाऊन दुसऱ्यावर शिक्का मारून येते बघ, असं मला हसून सांगून गेली हुती."

एवढं बोलून ती उठली आणि घरात गेली.